कमी गुण आणि दुहेरी डॉक्टरेट : अर्जापूर्वी काय करावे?



वैद्यकाची एम.डी. आणि संशोधनाची पीएच.डी. या दोन्ही पदव्या एकत्र देणारा अभ्यासक्रम अमेरिकेत आहे. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांची मुले त्याकडे वळू पाहतात. पण पदवीला गुण कमी पडले की अर्ज करावा की नाही, या विचारात अडकतात. त्यांच्यासाठी, तसेच इकडे राहून तिकडची वाट पाहणाऱ्यांसाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

या अभ्यासक्रमाशी आपला संबंध काय? सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील आपल्या बौद्ध समाजात व आदिवासी बांधवांत आढळतो. हार्वर्डमध्ये हाच दुहेरी अभ्यासक्रम करणारे विजय शंकरन, त्यांचे मार्गदर्शक डॉ. स्टुअर्ट ऑर्किन व सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले, की बीसीएल ११ ए नावाचे जनुक जन्मानंतर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन दाबून ठेवते. हाच धागा धरून पुढे जनुकीय उपचार तयार झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. हा उपचार अतिशय महागडा आहे. तो गरिबाच्या आवाक्यात आणण्याचे काम बाकी आहे. रुग्णाची नाडी आणि प्रयोगशाळा दोन्ही जाणणारी माणसे आपल्यातूनही निघावीत, ही आमची तळमळ आहे.

हा अभ्यासक्रम साधारण सात-आठ वर्षांचा असतो. आधी दोन वर्षे वैद्यकीय शिक्षण, मग तीन ते पाच वर्षे संशोधन आणि शेवटी पुन्हा रुग्णालयातील शिक्षण. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था १९६४ पासून यासाठी अनुदान देत आली आहे. निवड झालेल्यांना बहुतेक ठिकाणी फी माफ असते व निर्वाहवेतनही मिळते. साहजिकच चुरस मोठी. प्रवेश मिळालेल्यांची पदवीची सरासरी ४ पैकी सुमारे ३.८ असते. तेव्हा ३.२ किंवा ३.३ वाल्या विद्यार्थ्याने परिस्थिती ओळखूनच पाऊल टाकावे.

पहिली गोष्ट, गुणपत्रिका नीट वाचा. सामाईक अर्जात प्रत्येक वर्षाची सरासरी वेगळी दिसते. पहिल्या वर्षी घसरून पुढे चढत गेलेला विद्यार्थी आणि शेवटी घसरलेला विद्यार्थी यांत परीक्षक फरक करतात. विषय पुन्हा दिला तरी जुने व नवे दोन्ही गुण धरले जातात. पदवीनंतर विज्ञानाचे वरच्या पातळीचे विषय घेऊन चांगले गुण मिळवले, तर ते पदवीच्या एकूण सरासरीत येतात. पदव्युत्तर पदवीचे गुण मात्र वेगळे दाखवले जातात.

दुसरी गोष्ट, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा. ती ५२८ गुणांपर्यंत मोजली जाते. वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते. म्हणून सराव म्हणून तिला बसू नये.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, संशोधनाचा अनुभव. सुट्टीतील दोन महिने पुरत नाहीत. कमी गुणांच्या विद्यार्थ्याने पदवीनंतर एक-दोन वर्षे प्रयोगशाळेत पूर्ण वेळ काम करावे. अर्जात संशोधनाविषयी १०,००० अक्षरांचा आणि दोन्ही पदव्या का हव्यात याविषयी ३,००० अक्षरांचा निबंध असतो. प्रश्न कोणता होता, आपण स्वतः काय केले, कोणता प्रयोग फसला व त्यातून काय कळले, हे तेथे सांगावे लागते. मार्गदर्शकाचे पत्रही यातूनच वजनदार होते.

चौथी गोष्ट, कमी गुणांचे कारण. घर चालवण्यासाठी रात्रपाळी केली असेल, आजारपण आले असेल, तर दोन-तीन वाक्यांत सरळ सांगावे. रडगाणे नको आणि लपवाछपवीही नको. त्यानंतर काय बदलले, ते पुराव्यासह लिहावे.

इतके करूनही नकार येऊ शकतो. काही महाविद्यालये अशा अर्जदाराचा केवळ एम.डी.साठी विचार करतात. ते आधीच विचारून घ्यावे. नुसता एम.डी. झालेला डॉक्टरही संशोधन करू शकतो, हे विसरू नये.

आता इकडच्या विद्यार्थ्यांविषयी. तिकडची बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालये अमेरिकेत किंवा कॅनडात घेतलेल्या शिक्षणाची अट घालतात, आणि सरकारी अनुदानाच्या जागा तेथील नागरिक व कायम रहिवाशांसाठी असतात. म्हणून इकडे एम.बी.बी.एस. करून पीएच.डी. स्वतंत्रपणे करणे हा अधिक सरळ मार्ग होय. सी.एस.आय.आर.च्या नेट परीक्षेला एम.बी.बी.एस. पदवी चालते, अनुसूचित जाती-जमातींसाठी गुणांची अट ५५ ऐवजी ५० टक्के आहे.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये तेथे एम.ए. झाले. त्या २८२ गुणांवरून आज त्यांची विद्वत्ता कोणी मोजत नाही. मात्र मधल्या वर्षांत त्यांनी केलेला अभ्यास आपण विसरतो आणि नुसता आकडा सांगून समाधान मानतो.

पालकांना एकच विनंती. मुलगा किंवा मुलगी पदवीनंतर दोन वर्षे प्रयोगशाळेत घालवू लागली, तर नोकरी-लग्नाचा तगादा लावू नका. ती वर्षे वाया गेलेली नसतात. कमी गुणांची भरपाई त्याच वर्षांत होते.

जयभीम!