न धरतां पाहावें

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील १०३ वें सूक्त बेडकांवर आहे. वर्षभर मौन पाळलेले मंडूक पर्जन्याचा स्पर्श होतांच बोलूं लागतात, आणि गुरूमागून पाठ म्हणणाऱ्या शिष्याप्रमाणें एकाचा शब्द दुसरा उचलतो, असें त्यांत वर्णन आहे. कित्येक पंडित या सूक्तास थट्टा समजतात, कित्येक पर्जन्याची प्रार्थना मानतात. तो वाद विद्वानांस लखलाभ असो. आम्हांस त्यांतील निरीक्षण मोलाचें वाटतें. सूक्तकर्त्यानें बेडकांचे आवाज निरनिराळे ऐकले आहेत, रंगही निरनिराळे पाहिले आहेत. आज आपल्या सुशिक्षित घरांत मात्र उडी मारतो तो बेडूक आणि सरपटतो तो साप, एवढ्यावर ज्ञान संपतें. व सापाच्या बाबतींत पुढचें वाक्य बहुधा "काठी आणा" हेंच असतें.

हें अज्ञान घालविण्याचें एक साधन आतां घरोघरीं आलें आहे. तें म्हणजे छायाचित्र. पूर्वीं असा प्राणी अभ्यासावयाचा तर तो मारून मद्यार्कांत ठेवीत. आमच्या नागपुरांत १८६३ सालीं स्थापन झालेलें मध्यवर्ती संग्रहालय आहे. त्यास सारे लोक अजब बंगला म्हणतात. तेथील निर्जीव प्राणी पाहूनच आमच्या पिढीनें प्राणिशास्त्राचा पहिला धडा घेतला. शास्त्रास अशा संग्रहांची गरज आजही आहे. परंतु गृहस्थास व विद्यार्थ्यास जिवंत प्राणी त्याच्या जागीं पाहून त्याचें चित्र घरीं आणतां यावें, हा लाभ लहान नव्हे.

गेल्या वर्षीं मृगाचा पाऊस लागल्यावर आम्ही आमचा नातू व त्याचे दोन मित्र यांस घेऊन काटोल रस्त्यानें गोरेवाड्याच्या पुढें एका स्नेह्यांच्या शेतावर गेलों. वनखात्याच्या परवानगीवांचून रात्रीं जंगलांत शिरतां येत नाहीं, म्हणून शेतच निवडलें. काळी माती पायांस धरून ठेवीत होती. शेततळ्याच्या कांठीं पोंचण्यापूर्वींच मोठ्या बेडकांचा घोष ऐकूं आला. टॉर्चच्या प्रकाशांत पाहतों तों नर हळदीसारखे पिवळे झालेले, आणि गळ्याच्या दोहों बाजूंस निळ्या पिशव्या फुगलेल्या! हा रंग विणीच्या दिवसांपुरताच असतो. एरवीं हाच प्राणी शेवाळी रंगाचा दिसतो. बांधावर एक वाटोळा, आखूड बेडूक सांपडला. याच्या मागच्या पायाच्या तळव्यास फावड्याच्या पात्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्यानें माती उकरीत तो पाठीकडून जमिनींत उतरतो आणि कोरडे महिने आंतच काढतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीस साबणाच्या फेंसासारखा गोळा लागलेला होता. तें झाडावर राहणाऱ्या बेडकाचें घरटें. त्यांतून पिलें खालीं पाण्यांत पडतात.

एका मुलानें लगेच बेडूक उचलण्यास हात पुढें केला. आम्हीं तो थांबविला. बेडूक कातडीनेंही श्वास घेतो व पाणी शोषतो. आपल्या हातावरील तेल, साबण, डांस पळविण्याचें मलम त्यास अपाय करितें. थोड्या वेळानें पाण्याच्या कडेस पाणदिवड दिसली. ही बिनविषारी. दुसरा मुलगा म्हणाला, "आजोबा, काठीनें जरा डिवचूं, मान चपटी करून उभी राहील, फोटो झकास येईल." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु भयानें आलेली मुद्रा ही त्या प्राण्याची नित्याची मुद्रा नव्हे. तें चित्र आपल्या दांडगाईचें होईल. आम्हीं चौघांनीं अर्धा तास चिखलांत बैठक मारली. शेवटीं पाणदिवडीनें स्वतःच बेडूक धरला, आणि मुलांस सृष्टीचा खरा व्यवहार टिपतां आला.

यांत केवळ सौजन्याचा नव्हे, कायद्याचाही प्रश्न आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्यांतील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. नाग, घोणस, धामण व पाणदिवड हे चौघेही आतां पहिल्या अनुसूचींत आहेत. बेडकांच्या पायांची निर्यातही सरकारनें १९८७ सालीं बंद केली, कारण शेतांतील किडे खाणारा हा मजूर झपाट्यानें कमी होत होता.

छायाचित्राचा संसारांतील उपयोगही सांगितला पाहिजे. मण्यार अत्यंत विषारी, कवड्या बिनविषारी, आणि दोघेही रात्रीं घरांत येतात. मण्यारीच्या काळ्या, तकतकीत अंगावरील पांढरे पट्टे शेपटीकडे स्पष्ट व मानेकडे पुसट असतात. कवड्याचे मानेकडे स्पष्ट व शेपटीकडे पुसट. दुरून घेतलेलें चित्र जाणत्या सर्पमित्रास दाखविलें तर निर्णय होतो. स्वतः मात्र जवळ जाऊं नये, व निर्णयही स्वतः करूं नये. दंश झाला असतां चित्रासाठीं क्षणही दवडूं नये. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर चालतें. म्हणून तडक रुग्णालय गांठावें.

मुलांसाठीं आम्हीं चारच नियम केले आहेत: हात लावूं नये, उचललेला दगड होता तसा परत ठेवावा, दिवा फार वेळ डोळ्यांवर धरूं नये, आणि दुर्मिळ प्राण्याचा नेमका ठिकाणा चारचौघांत सांगूं नये, कारण ऐकणारांत शिकारीही असतो. चित्राखालीं तारीख, वेळ, पाऊस व आवाज यांची नोंद वहींत करावी.

श्रावण शुद्ध पंचमीस आपल्या घरांतून पाटावर गंधानें नाग काढून पूजा करण्याची चाल आहे. टोपलींतला, उपाशी व दांत काढलेला नाग दारीं आणून त्यास दूध पाजण्यापेक्षां (साप दूध पिणारा प्राणीच नव्हे) ही चाल किती शहाणपणाची आहे! ज्यांच्या घरीं नातवंडें आहेत, त्यांनीं यंदा पहिल्या पावसानंतर त्यांस एखाद्या तळ्याकांठीं अवश्य न्यावें, आणि तेथें आणलेल्या चित्रांतील एक पंचमीस पाटाशेजारीं ठेवावें.