वरचं, खालचं आणि मनातलं

महिन्याच्या ठरलेल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या पेशंटची रांग लागते. दंडाला पट्टा बांधतात, वरचं किती, खालचं किती ते लिहून घेतात आणि महिन्याच्या गोळ्या देतात. ही व्यवस्था उभी राहिली हे थोडं नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाला, तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्र होता. पण त्याच रांगेतल्या सत्तरीच्या आजी जेव्हा म्हणतात, "अंगात त्राण नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, जेवण नको वाटतं," तेव्हा ते बहुधा कुठेच लिहिलं जात नाही. "वय झालं आता, असं व्हायचंच," असं कुणीतरी प्रेमानेच म्हणतं आणि पुढचा नंबर येतो.

या न लिहिलेल्या तक्रारी किती असतील याचा अंदाज मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या 'लासी' या पाहणीतून येतो. २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांची ही पाहणी झाली. साठी ओलांडलेल्यांपैकी ३२ टक्के लोकांनी आपल्याला बीपी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय, असं नोंदवलं. नैराश्याचं निदान झाल्याचं सांगणारे मात्र जेमतेम ०.८ टक्के होते. पाहणीतच लक्षणांचे प्रश्न एकेक करून विचारले, तेव्हा गंभीर नैराश्य असावं अशा ज्येष्ठांचं प्रमाण ८.३ टक्के निघालं. म्हणजे दसपट. ही माणसं दवाखान्यात जात नाहीत असं नाही. गुडघ्यांसाठी जातात, साखरेसाठी जातात, बीपीसाठी तर दर महिन्याला जातात.

बीपी असणाऱ्यांत नैराश्य किती, यावर निरनिराळ्या देशांत झालेले ४१ अभ्यास २०१५ साली एकत्र करून पाहिले गेले. सरासरी २६.८ टक्के आली. प्रत्येक अभ्यासाची मोजण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे हा आकडा तंतोतंत धरू नये. पण दर चौघांत एकाला मनाचाही त्रास असू शकतो, एवढं तरी त्यातून घ्यावं.

असं का होतं? वर्षानुवर्षं चढलेला रक्तदाब मेंदूच्या आत खोलवर जाणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान करतो. एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात ठिकठिकाणी डाग दिसतात. मेंदूच्या पुढच्या भागाला आतल्या भागांशी जोडणारे मार्ग त्यामुळे दुबळे होतात, आणि उत्साह, निर्णय, एखादं काम हाती घेण्याची उमेद ही सगळी त्याच मार्गांवर अवलंबून असते. अमेरिकेतल्या जॉर्ज अलेक्सोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये रक्तवाहिन्यांशी निगडित नैराश्याची कल्पना मांडली, ती याच धाग्यावर. अशा नैराश्यात रडणं कमी असू शकतं. माणूस मंदावतो, बोलणं तुटक होतं, साधी भाजी कोणती आणायची हेही ठरत नाही. घरच्यांना वाटतं बाबा आळशी झाले, हट्टी झाले. खरं तर ते आजारी असतात.

उलट दिशेनेही हे चालतं. मन खचलं की गोळी चुकते, फिरणं बंद होतं. एकटी राहणारी आजी स्वतःपुरता स्वयंपाक कशाला करायचा म्हणून भात-लोणच्यावर भागवते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि लोणच्या-पापडावरचं जेवण ती मर्यादा सहज ओलांडतं. मिश्री वाढते, झोप तुटते, आणि पुढच्या महिन्यात बीपी चढलेलं दिसलं की गोळीचा डोस वाढतो. चढण्याचं कारण मात्र कुणी विचारत नाही.

बीपीच्या गोळ्यांनीच मन उदास होतं, ही भीतीही अनेक घरांत आहे. तिच्यामागे इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईचा आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्याबद्दल लिहिलं, तेव्हा मनोविकार आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवरचा तिचा उपयोग नोंदवला होता. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधाने रक्तदाब उतरत असल्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी या मुळीतून रेसरपिन वेगळं केलं होतं. बीपीवरचं ते तेव्हाचं मोठं औषध ठरलं. पण ते घेणारे काहीजण खोल उदासीत गेल्याचे अहवाल येऊ लागले. रेसरपिनमुळे मेंदूतली सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही द्रव्यं कमी होतात, हे कळल्यावर शास्त्रज्ञांनी तर्क केला की नैराश्याचं मूळ याच द्रव्यांच्या तुटवड्यात असावं. पुढच्या अनेक वर्षांच्या औषधसंशोधनाला या तर्काने दिशा दिली. नंतरच्या फेरतपासणीत रेसरपिन आणि नैराश्याचा संबंध आधी वाटला तितका स्पष्ट ठरला नाही. आज ते औषध क्वचितच दिलं जातं. भीती मात्र मागे उरली.

म्हणून हे ठासून सांगायला हवं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये तिथल्या राष्ट्रीय नोंदींवरून ४१ बीपीच्या औषधांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्याचा धोका वाढवणारं एकही औषध त्यात आढळलं नाही. उलट अ‍ॅम्लोडिपिन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, अ‍ॅटेनोलॉल अशा नऊ औषधांच्या बाबतीत तो धोका कमी दिसला. नोंदींवरचा अभ्यास असल्याने ही औषधं नैराश्यावर उपचार म्हणून घ्यावीत असा त्याचा अर्थ नाही. पण उदास वाटतंय म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करायला काहीही आधार नाही.

काळजी घ्यायची ती वेगळ्या ठिकाणी. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं. नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही तेच होतं. दोन्ही चालू असतील तर सुस्ती, गोंधळ, तोल जाणं याकडे लक्ष हवं आणि रक्त तपासायला हवं. नैराश्यावरच्या काही जुन्या औषधांनी उभं राहताना बीपी एकदम पडतं, तर व्हेनलाफॅक्सिनसारख्या औषधाने ते चढू शकतं. थायरॉइड मंदावणं किंवा बी-१२ ची कमतरता हुबेहूब नैराश्यासारखी दिसते. तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांना दाखवावीत.

सगळ्यात आशा वाटावी असं काम आपल्या शेजारी गोव्यात झालं आहे. डॉ. विक्रम पटेल सहसंस्थापक असलेली 'संगाथ' ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत, तर साध्या, स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक करावं, हा तिचा मार्ग. गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस, डॉ. पटेल आणि पिट्सबर्गचे डॉ. चार्ल्स रेनॉल्ड्स यांच्या गटाने साठीच्या पुढच्या १८१ जणांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना नैराश्याची थोडी लक्षणं होती, पूर्ण आजार नव्हता. निम्म्यांना अशा समुपदेशकांची सोबत मिळाली. अडचणी सुट्या करून त्यांवर वाट कशी काढायची, झोपेची घडी कशी बसवायची, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यायची हे त्यांनी शिकवलं, आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून द्यायलाही मदत केली. वर्षभरात या ९१ जणांपैकी ४ जणांना नैराश्याने गाठलं. नेहमीची सेवा घेणाऱ्या ९० जणांपैकी मात्र १३ जणांना. शिवाय सोबत मिळालेल्यांचं वरचं बीपी दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ७ अंकांनी जास्त उतरलं. अभ्यास लहान आहे, त्यावर सगळी भिस्त ठेवता येणार नाही. पण ही सोबत करणारे कुणी तज्ज्ञ नव्हते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच, की मनाची विचारपूस बीपीच्या रांगेतच व्हावी. त्यासाठी नवी इमारत नको, वेगळी ओपीडी नको. जगभर वापरले जाणारे दोनच प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटत राहतं का? नर्सताई हे दोन मिनिटांत विचारू शकतात, आशाताई घरी विचारू शकतात. उत्तर 'हो' आलं म्हणजे निदान झालं असं नाही, पण पुढे डॉक्टरांनी नीट बोलायला हवं हे ठरतं.

घरातही हे शक्य आहे. दिवाळीला मुलं गावी येतात, बरेचजण आईवडिलांसाठी बीपीचं मशीन आणतात. चांगलंच आहे. फक्त दिवसातून दहादा मोजत बसल्याने धास्ती वाढते, म्हणून किती वेळा मोजायचं ते डॉक्टरांना विचारावं. आणि आकड्यांशिवाय आणखी काही विचारावं. "आई, भजनाला जातेस ना अजून?" "बाबा, कट्ट्यावर जाणं का सोडलंत?" नुसतं "बरे आहात ना?" विचारलं, तर उत्तर "हो, बरं आहे" हेच येतं.

"देवाने आता न्यावं," असं कुणी वारंवार म्हणत असेल, गोळ्या साठवत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, तर थट्टेवारी नेऊ नका. जीव नकोसा झालाय का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणाला तरी कळलं, याने माणूस मोकळा होतो. अशा वेळी त्यांना एकटं सोडू नका, गोळ्या स्वतःकडे ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइनचा १४५६७ आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये हे दोन्ही क्रमांक आजच साठवून द्या, आणि पहिला फोन लावताना शेजारी बसा.