गॅलरीतली रात्रपाळी

नोकरदार माणसाला स्वतःची बाग दिसते कधी? सकाळी डबा, मुलांची शाळा आणि लोकल. संध्याकाळी आठला घराचं दार उघडावं, तर जास्वंद मिटलेली असते आणि चिनी गुलाबाने तर दुपारीच आवरतं घेतलेलं असतं. रविवार सोडला तर गॅलरीशी आपली गाठ पडते ती दिवेलागणीनंतरच. तेव्हा मोजक्याच कुंड्या ठेवायच्या असतील, तर रात्री जागणारी झाडं लावावीत, असं माझं सरळ मत आहे. जाड, गरेदार पानांची सक्युलंट आणि अंधारात दरवळणारी पांढरी फुलं. नर्सरीत ही दोन टोकांना ठेवलेली असतात आणि त्यांचं गिऱ्हाईकही वेगळं. तरुण मंडळी टेबलावर ठेवायला इवल्या कुंडीतलं सक्युलंट उचलतात, सासूबाई मोगऱ्याला कळ्या किती आहेत ते वाकून बघतात. पाळी मात्र दोघांची एकच.

सक्युलंटचं रात्रीचं काम दिसत नाही. बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म रंध्रं दिवसा उघडतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच वाटेने पाणीही वाफ होऊन निघून जातं. कोरड्या मुलखातल्या झाडांना हे परवडत नाही. ती दिवसा रंध्रं मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमध्ये साठवायचा आणि ऊन आलं की दारं बंद करून त्याची साखर करायची, असा त्यांचा क्रम. म्हणून पानफुटीचं पान पहाटे आंबट असतं आणि दिवस चढतो तसा तो आंबटपणा उतरत जातो. याची नोंद झाली ती भारतातच. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रासकडे असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पानं चाखून पाहिली. त्याचं टिपण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. आपण मात्र हा प्रयोग करू नये. पानफुटीच्या जातकुळीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात.

नर्सरीवाला स्नेक प्लांट विकताना हमखास सांगतो, ‘बेडरूममध्ये ठेवा, रात्री ऑक्सिजन देतं.’ तसं नाही. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो, त्यामुळे तो दिवसाच बाहेर पडतो. झाड देखणं आहे, चिवट आहे, एवढ्यावरही ते घ्यायला हरकत नसावी.

रात्री उकाडा असला की ही यंत्रणा मंदावते. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली एकेव्हेरिया, ती गुलाबासारख्या मांडणीची निळसर झाडं, मुंबईच्या चिकट हवेत एक पावसाळासुद्धा धड काढत नाहीत त्यात नवल नाही. पुण्या-नाशकाला ती बरी रमतात. किनाऱ्याकडच्या माणसाने कोरफड, जेड, कलांचो, अडेनियम यांच्यावर भिस्त ठेवावी. आणि कुठेही राहत असलात तरी जूनमध्ये कुंड्या पावळीखालून आत ओढा. सक्युलंट उन्हाने क्वचित मरतं, पाण्याने मात्र हमखास. पान सुरकुतलं तर तहान, पान मऊ पडून पारदर्शक दिसू लागलं तर पाणी जास्त झालं. मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे मिसळावेत. नुसत्या कोकोपीटमध्ये आलेलं रोप लवकर या मातीत हलवावं, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवतं.

सुगंधी फुलांची रात्रपाळी नाकाला लगेच कळते. त्यांचं गिऱ्हाईक अंधारात उडणारे पतंग. अंधारात लाल-निळ्याचा काय उपयोग? म्हणून पांढरा रंग आणि लांबवर जाणारा वास. रातराणीची तर स्वतःची वेळ ठरलेली असते. उजेड-अंधाराचं चक्र थांबवलं तरी तिचं उमलणं आणि दरवळणं काही काळ त्याच तालावर चालू राहतं, असं १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवलं गेलं. मात्र तिचा वास उग्र. झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली ती नको, काहींचं डोकं धरतं.

माझा कौल मोगऱ्याला. त्याची कळी खुडल्यावरही उमलते आणि वास सोडत राहते. गजरा कळ्यांचा करतात तो त्यासाठीच. कुंडीतला मोगरा फुलत नाही अशी तक्रार करणारे बहुधा त्याला लाडावून ठेवतात. त्याला रोजचं पाच-सहा तासांचं ऊन लागतं आणि थंडीत थोडी उपासमार लागते. डिसेंबरात पाणी तोडून ताण द्यायचा, जानेवारीत निर्दयपणे छाटायचं आणि मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं. कळ्या नव्या फुटीवर येतात, जुन्या काटक्या जपून काही मिळत नाही.

आता ज्यात ही दोन्ही घराणी एकत्र येतात ते झाड. आपल्याकडे घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं निवडुंग आहे (हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळं). त्याची लांब, चपटी ‘पानं’ म्हणजे खरं तर खोडं, आणि कळी फुटते ती त्यांच्या कडेच्या खाचेतून. मूळ गावी ते जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतं, तेव्हा वाळवंटी निवडुंगासारखं त्याला रणरणत्या उन्हात ठेवू नये. विरळ सावली, मोकळी माती आणि बऱ्यापैकी पाणी त्याला मानवतं. पावसाळ्यात कळी लोंबते, मोठी होते आणि फुलायच्या दिवशी मान वर उचलते. मग आठ-नऊला पाकळ्या सुटू लागतात, मध्यरात्री फूल ताटलीएवढं होतं, पहाटे गळून पडल्यासारखं दिसतं. मान वर दिसली की सोसायटीच्या ग्रुपवर निरोप जातो. कुणी दूध आटवतं, कुणी पूजा मांडतं, लहान मुलांना उद्याची शाळा असूनही जागं राहायची मुभा मिळते. एरवी लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती ओळख असलेली माणसं रात्री अकराला एकमेकांच्या गॅलरीत उभी असतात. आणि बहुतेक जण जाताना विचारतात, ‘एक फांदी मिळेल का?’

मिळते, कारण ही झाडं वाटायलाच सोपी. कोरफड स्वतःहून पिल्लं देते, जेडची मोडलेली काडी रुजते, मोगऱ्याची फांदी पावसाळ्यात मातीत दाबली की मुळं धरते. पानफुटीच्या तर पानाच्या कडेलाच रोपं उगवतात. जर्मन कवी गटेला तिचं वेड होतं. वायमारमध्ये वाढवलेल्या झाडाची पानं तो स्नेह्यांना पाठवायचा.

ब्रह्मकमळाची वीतभर फांदी कापून चार दिवस सावलीत ठेवावी, जखम सुकली की दोन बोटं मातीत खोचावी. ओल्या जखमेनिशी लावली तर सडते. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतील हे घेणाऱ्याला आधीच सांगावं. आणि खालच्या टोकाला दोरा बांधून द्यावा. मधूनच कापलेल्या तुकड्याची वरची बाजू कोणती ते पटकन कळत नाही. लोक तो उलटा खोचतात, आणि महिनाभराने ‘तुमची फांदी काही धरली नाही हो’ म्हणून फोन आपल्याला येतो.