नाशिकचे उच्च शिक्षण आणि परदेश

उच्च शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण नाशिकमध्ये आधी पोचले ते कल्पनेच्या रूपाने. ब्रिटनने १९६९ साली मुक्त विद्यापीठ काढले. प्रवेशाला आधीच्या शैक्षणिक पात्रतेची अट नाही, नोकरी-संसार सांभाळून घरबसल्या शिक्षण. त्याच धर्तीवर १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्ये स्थापन झाले. संस्थापक कुलगुरू प्रा. राम ताकवले. बारावी न झालेल्यांसाठी विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला, मराठीतून पुस्तके लिहून घेतली आणि शेतीचेही शिक्षणक्रम चालवले. परदेशी कल्पना इथल्या मातीत रुजवण्याचे इतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

माणसांची ये-जा मात्र एकतर्फीच आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये पुण्यात सिंबायोसिसची स्थापना केली. तिची एक व्यवस्थापन संस्था नाशिकमध्येही आहे. तरीही २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार भारतभर परदेशी विद्यार्थी होते जेमतेम ४७ हजार, आणि त्यांत सर्वाधिक नेपाळचे. बाहेर जाणाऱ्या भारतीयांची संख्या लाखांत मोजावी लागते.

त्यांतले बरेच जण एमबीबीएससाठी जातात. राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालयांचा कारभार पाहणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. पण सरकारी जागा मोजक्या आणि खासगी शुल्क आवाक्याबाहेर, म्हणून मुले रशिया, जॉर्जियाची वाट धरतात. परतीची वाट खडतर आहे. जाण्याआधी ‘नीट’ पात्रता हवी. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, शिवाय तिथे एक वर्ष आणि भारतात पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप. त्यात ३०० गुणांच्या चाळणी परीक्षेत निम्मे गुण मिळाल्याशिवाय इथे डॉक्टरकी करता येत नाही. एजंटच्या माहितीपत्रकात हे सहसा बारीक अक्षरांत असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनमधून हजारो मुले शिक्षण अर्धवट टाकून परतली, तेव्हा या व्यवहारातली जोखीम घराघरांत कळली.

आता परदेशी विद्यापीठेच इकडे येऊ पाहत आहेत. २०२३ च्या नियमांनी त्यांना भारतात शाखा काढण्याची मुभा दिली आणि २०२५ मध्ये यॉर्क, ॲबर्डीनसह पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबईसाठी इरादापत्रे मिळाली. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराच्या मुलीचा व्हिसा आणि विमानभाडे त्यामुळे वाचेल. शुल्क किती घ्यायचे, हे मात्र नियमांनी त्या विद्यापीठांवरच सोडले आहे.