दोन एसट्या, नऊ एसट्या
एसटीत एका खिडकीच्या वर आमदारांसाठी राखीव जागेची पाटी रंगवलेली असते. त्या जागेवर खरोखरचा आमदार बसलेला पाहणारा माणूस सहसा भेटत नाही, म्हणून आपणही तिथे बिनधास्त पिशवी टाकून मोकळे होतो. सांगोल्याच्या लोकांना मात्र त्या पाटीत विनोदी काही वाटत नसावं. त्यांचे आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, एसटीनेच फिरायचे.

मतदारसंघ ही तशी अजब चीज आहे. गावाला वेस असते, तालुक्याला कचेरी असते. मतदारसंघ नुसता कागदावर आखलेला. 2008 च्या पुनर्रचनेत सांगोला तालुक्याला पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ जोडलं गेलं. तिथल्या शेतकऱ्याचं तहसील पंढरपूरचं आणि आमदार सांगोल्याचा! लोकसभेसाठी हाच मतदारसंघ पंढरपुरातून निघून नव्या माढा मतदारसंघात गेला. यादीतला त्याचा क्रमांक 253.

या कागदी रेघांच्या आत शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) वकील आबा 1962 साली पहिल्यांदा निवडून आले. शेवटचा विजय 2014 चा, वयाच्या 88 व्या वर्षी. मधल्या 52 वर्षांत दोनदाच पडले, 1972 ला आणि 1995 ला. एकूण अकरा वेळा आमदार, तेही एकाच जागेवरून. (याला सर्रास जागतिक विक्रम म्हणतात. केरळमधल्या पाला मतदारसंघाचे के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले होते, तेव्हा जरा सबुरीने. पण अकरा हा आकडा काही लहान नाही.) मंत्रिपद दोनदाच मिळालं, 1978 ला आणि 1999 ला, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर. सत्तेत नसलेला माणूस दुष्काळी तालुका इतकी वर्षं धरून ठेवतो, हेच मला सगळ्यात नवलाचं वाटतं. पाण्यासाठी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद, रोजगार हमी, सहकारी सूतगिरणी, डाळिंब: आबांच्या राजकारणाचा कस या कोरड्या जमिनीवर लागला.

पण खरी गंमत मतांच्या फरकात आहे. 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी आबांना हरवलं ते 192 मतांनी. जेमतेम 97 जणांनी बाजू बदलली असती तर निकाल फिरला असता. 44 आसनी एसटी धरा: दोन गाड्या गच्च आणि नऊजण उभे. 1999 ला आबा परत आले. 2019 ला त्यांनी वयामुळे जागा सोडली, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले, समोर पुन्हा शहाजीबापू, यावेळी शिवसेनेकडून. बापूंना 99,464 मतं आणि अनिकेतना 98,696. फरक 768, म्हणजे 192 च्या बरोबर चौपट! याला अर्थ काही नाही, निव्वळ योगायोग. पण मी कागदावर दोनदा गुणाकार करून पाहिला. यावेळी पारडं फिरवायला 385 माणसं लागली असती. नऊ एसट्या.

दोन लाखांच्या आसपास मतं या दोघांत वाटली गेली आणि फैसला नऊ एसट्यांवर आला. अर्धशतक एकच नाव निवडून देणाऱ्या मतदारसंघाला लोक 'बालेकिल्ला' म्हणतात. त्या किल्ल्याची भिंत कुठे कुठे किती पातळ होती, ते हे दोन आकडे सांगतात.

पुढे 2022 ला शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीहून शहाजीबापूंनी फोनवर झाडी, डोंगार आणि हाटिलाचं वर्णन केलं आणि सांगोल्याचा आमदार घरोघरी पोचला. लोक हसले. मला त्यात दुष्काळी मुलखातल्या माणसाचं हिरवाईपुढचं नवलही ऐकू आलं. आबांच्या अकरा विजयांनी सांगोल्याला जेवढं नाव दिलं नसेल, तेवढं त्या एका फोनने दिलं, हे मात्र मनाला लागतं.

आबा 30 जुलै 2021 ला गेले. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी 25 हजारांहून जास्त मतांनी ती जागा शेकापकडे परत आणली.

तुमच्या मतदारसंघाचे जुने निकालही निवडणूक आयोगाकडे आहेत. एकदा काढून बघा, आणि विजेत्याच्या नावाआधी मतांमधला फरक बघा.