मुळांवरचा आळ

वैशाखात मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच दिवसांत घरांच्या भिंतीही तडकतात आणि आळ येतो अंगणातल्या कडूनिंबावर. ‘मुळानं पाया उचलला,’ असं मिस्त्रीही ठासून सांगतो.

धड बांधलेला पाया मूळ सहसा उचलत नाही. घर हलवते ती काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. झाडाचा दोष एवढाच, की ते त्याच मातीतली ओल ओढतं. मग त्या बाजूची माती जास्त आकसते, पाया तिकडे खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. असल्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर केलेल्या खांबांचा पाया विकसित केला. तो ओल फारशी बदलत नाही अशा खालच्या थरावर टेकतो.

‘मग झाडच तोडा ना!’ इथंच घात होतो. झाड घरापेक्षा जुनं असेल, तर ते गेल्यावर माती पुन्हा पाणी धरते, काही वर्षं फुगत राहते आणि खचण्याऐवजी फरशी वर येऊ लागते. शिवाय मध्य प्रदेशात शहरी हद्दीतलं झाड तोडायला 2001 च्या कायद्यानं परवानगी लागते.

फरशीच्या बाबतीत मात्र मूळ खरोखर गुन्हेगार आहे. झाड जेवढं उंच तेवढी मुळं खोल, हा समज चुकीचा. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच, पण फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरतात. ती जाड होताना हलकी फरशी सहज उचलतात. अशा वेळी बुंध्याजवळचं जाड मूळ छाटलं, तर वादळात झाडच घरावर यायचं. त्यापेक्षा बुंध्याभोवती मोकळं आळं ठेवावं आणि पुढे वाळूवर सुटे ब्लॉक बसवावेत. उचलले तर काढून पुन्हा बसवता येतात. बुंध्याला सिमेंटनं आवळणं तर वेडेपणाच. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं.

सांडपाण्याची नळीही मूळ फोडत नाही. गळक्या सांध्यातून आत शिरतं. आधी सांधा बघा.

भिंतीतला पिंपळ मात्र वेगळा. पाखराच्या विष्ठेतून आलेलं बी फटीत रुजतं आणि त्याची मुळं जुडाई खरंच फाकवतात. सौंसरजवळच्या जामसावळीचा मारुती पिंपळाखालीच पहुडलेला. मग पिंपळाला हात कोण लावणार? कुणी वरवर छाटतो, तो पुन्हा फुटतो. कुणी हिंग घालतो, त्याचा भरवसा नाही. कुणी अ‍ॅसिड ओततो, ते चुना-सिमेंटच खातं. रोप करंगळीएवढं असतानाच सांधा उकरून मुळासकट काढावं आणि फट बुजवावी. मूळ शाबूत निघालं, तर ते रोप घरापासून लांब, मोकळ्या जागी लावायला कुणाचीच हरकत नसते.