चेरापुंजीच्या गुहेतला दुष्काळ

शाळेच्या भूगोलात लवणस्तंभांची आकृती सगळ्यांनीच काढलेली असते. छताला लोंबतो तो अधोमुखी, जमिनीवरून वर चढतो तो ऊर्ध्वमुखी. प्रत्यक्षात बघण्याचा योग मात्र आपल्याकडे विरळा, कारण महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा आहे. अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने छिन्नीने कोरली. लवणस्तंभाला चुनखडी लागते.

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत खाली उतरतं. गुहेतल्या मोकळ्या हवेत पोचलं की, सोड्याची बाटली उघडावी तसा, तो वायू निसटतो. मग विरघळलेला चुना पाण्याला पेलवत नाही. त्याचं कॅल्साइट होऊन बसतं. थोडं छताला चिकटतं, उरलेलं थेंब खाली आपटला की जमिनीवर. वरचा स्तंभ सुरुवातीला पोकळ नळीसारखा असतो. खालचा भरीव, आणि थेंब फुटून पसरत असल्यामुळे माथ्याला बोथट. वाढीचा वेग जागेनुसार बदलतो, पण वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग धरला तर शिवराज्याभिषेकापासून आजवर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर!

पर्यटक माना वर करून झुंबरं बघतात. पुराहवामान शोधणाऱ्यांची नजर जमिनीवर असते. खालच्या स्तंभात थर एकावर एक, भाकऱ्यांच्या चवडीसारखे बसतात, त्यामुळे ते क्रमाने वाचता येतात. थराचं वय सांगतं युरेनियम. ते पाण्यात विरघळून थेंबाबरोबर येतं. थोरियम जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून जुन्या थरात सापडणारं थोरियम बहुतांशी तिथल्याच युरेनियमपासून तयार झालेलं असतं आणि त्याच्या प्रमाणावरून काळ काढता येतो. पावसाचा अंदाज देतो ऑक्सिजन. मेघालयात मान्सून दुबळा पडला की पाण्यातल्या जड ऑक्सिजनचा वाटा वाढतो.

चेरापुंजीजवळची मॉम्लुह गुहा याच कारणाने जगप्रसिद्ध झाली. हे गाव म्हणजे १८६०-६१ मध्ये बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पावसाचा विक्रम करणारं. तिथल्या एका ऊर्ध्वमुखी स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या थरात जड ऑक्सिजन वाढलेला आढळला. पावसाच्या माहेरघरी मान्सून आटल्याची नोंद! त्याच सुमारास इजिप्तपासून मेसोपोटेमियापर्यंत कोरडा काळ आल्याच्या खुणा मिळतात. २०१८ मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या थरापासून पुढच्या काळाला ‘मेघालयन’ हे नाव मंजूर केलं. आपण जगतोय तो हाच काळ. त्याआधीच्या दोन कालखंडांच्या सीमा ग्रीनलंडच्या बर्फात ठरल्या. ही मात्र आपल्या देशातल्या एका दगडात.

हा कोरडा काळ जगभर एकाच वेळी आला का, आणि त्यानेच जुनी साम्राज्यं कोसळली का, यावर वाद आहे. तो रास्तही आहे: राज्यं काही एका कारणाने बुडत नाहीत. पण त्यामुळे दगडातली नोंद खोटी ठरत नाही.

२०२२ मध्ये मॉम्लुह गुहा जगातल्या पहिल्या शंभर भूवारसास्थळांच्या यादीत आली. मेघालयात, आंध्रातल्या बोर्रा गुहेत किंवा आणखी कुठे असे स्तंभ दिसले, तर हात लावू नका. बोटांचा तेलकटपणा बसला की त्या जागी नवा थर नीट धरत नाही, आणि मोडलेलं टोक तुमच्या पणतवंडांच्या हयातीतही भरून येत नाही.